ओट्यामागची टाइल

जुन्या घराचं स्वयंपाकघर कमी पैशांत नवं करायचं, म्हणून वहिनींनी जुन्याच टाइल्स काढून, घासून पुन्हा लावायला घेतल्या. पण ओट्यामागची एक टाइल रोज सकाळी निघालेली असायची. पडून फुटलेली नव्हे, ओट्यावर अलगद ठेवलेली.

गवंडी रोजंदारीवर होता. वहिनींना त्याचाच संशय आला.

"काम लांबवायची बरी युक्ती काढलीत!"

"किल्ली तुमच्याकडे असते, वहिनी," तो फणकारला. "माझी मजुरी कापायला तुम्हीच काढत नसाल कशावरून?"

"मग आज मीच लावते. तुम्ही हात मागे बांधून समोर उभे राहा."

त्यांनी सिमेंट थापून टाइल बसवली आणि तळव्याने दाबून धरली. टाइल हळूच पुढे सरकली. त्यांनी जोर लावला. मागूनही तेवढाच जोर आला.

"बाहेर कुणाला उभं केलंय?" त्या खेकसल्या.

गवंड्याने खिडकीतून वाकून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. विटांची जाड भिंत होती तशीच धड होती.

तो वळला, तेव्हा वहिनींच्या हाताशेजारची दुसरी टाइल सुटून बाहेर येत होती. त्या फटीकडे बघत त्याने दोन्ही तळव्यांनी ती दाबून धरली.

"वहिनी, हात काढू नका."