उन्हाचा कोपरा

सुनेने कासवाच्या पिल्लासाठी हौसेने लाकडी पेटीत घर थाटलं. तळाला माती, उथळ ताटलीत पाणी, लपायला फुटकी कुंडी आणि एका कोपऱ्यात उन्हाऐवजी तापणारा दिवा.

"माणसांचेसुद्धा होत नाहीत एवढे लाड!" सासरे फणकारले आणि खुर्ची ओढून तिथेच पेपर वाचत बसले. मग रोजच बसायला लागले.

पिल्लू मात्र दिव्याच्या कोपऱ्यात फिरकेना. सारखं आपलं कुंडीत दडून. हळूहळू खाणंही सुटलं, तशी सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिने प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. बाईंनी पिल्लू उलटसुलट करून पाहिलं, मग कोपऱ्यातल्या मातीला हात लावला.

"अहो, ही तर गारढोण! दिव्याची ऊब जाते कुठे?"

दोघींनी दिव्याच्या उजेडाच्या दिशेने नजर नेली. तो पेटीबाहेर वळून थेट सासऱ्यांच्या गुडघ्यांवर पडला होता. पायजमा मांडीपर्यंत वर सारलेला.

"बाबा!"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"ओरडतेस काय गं?" सासरे पेपराआडूनच म्हणाले. "शंभर वर्षं जगणारं जनावर ते, त्याला कसली घाई? आधी माझे गुडघे शेकून होऊ देत!"