पत्र्यांची यादी

बुंगोमाजवळच्या त्या गावात गरिबांची यादी करायला वेकुलोसाहेब आले. यादीत नाव लागलं, तर नासांबू आजीच्या गळक्या झोपडीवर पत्रे चढणार होते. पाहुण्याला कोंबडी खाऊ घातल्याशिवाय दारातून परत पाठवायचं नाही, ही गावची रीत. आजीने अंडी देणारी एकुलती एक कोंबडी कापली आणि मक्याच्या उगालीसोबत वाढली.

"काय चव आहे हो आजी तुमच्या हाताला!" म्हणत साहेबांनी हाडंसुद्धा चोखली, हात धुतले आणि अर्ज उघडला.

"आता शेवटचा प्रश्न. या आठवड्यात घरात मांस शिजलं का?"

"अहो साहेब, ते तर तुमच्याच ताटात..."

"तेच तर! मी स्वतः खाल्लंय, आजी. आता खोटं कसं लिहू?"