मोकळी चाल

पक्षाघाताने भास्कररावांची वाचा गेली, तरी तरुणपणी स्वतः बांधलेलं एक गाणं ते अजून गात. त्यांच्या मुलीने, शलाकाने, तेच घेऊन त्यांच्यावर लघुपट केला. संकलनाच्या यंत्राने 'चाल दुसऱ्याच्या मालकीची आहे' असं दाखवून गाण्याचा आवाज पुसून टाकला.

तिने स्वामित्वहक्क कार्यालयात फोन लावला. "चाल माझ्या बाबांची आहे."

"नोंदवली होती का?" अधिकाऱ्याने विचारलं. "गेल्या वर्षी एका कंपनीने संगणकाकडून शक्य तेवढ्या सगळ्या चाली रचून घेतल्या आणि नोंदवल्या. ही त्यांतच आहे."

"मग दुसरी कुठली वापरू?"

"मोकळी एकही उरली नाही, मॅडम."

भास्कररावांनी खुणा करून लघुपट पाहायला मागितला. पडद्यावर त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी घाबरून गळा चाचपला. शलाकाने परोपरीने समजावलं, पण त्यानंतर ते कधी गायलेच नाहीत.