जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

जुनी गाडी पाण्यासारखं पेट्रोल पीत होती. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, तरी अ‍ॅव्हरेज काही सुधारेना. गॅरेजच्या खेपा घालून तो पार मेटाकुटीला आला होता.

शेवटी मेकॅनिक डॅशबोर्डखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, इंजिन ठणठणीत आहे. मीटरची केबल कुणीतरी हाताने सोडतं आणि परत लावतं. गाडी पळते, पेट्रोल जळतं, पण किलोमीटर पडत नाहीत. मग अ‍ॅव्हरेज कसं मिळणार?"

घरात ही कला एकालाच येत होती. बाबांची सगळी नोकरी स्टिअरिंगमागे गेली होती. बहिणीशी बोलणं तोडलं, तेव्हा त्याने बाबांनाही बजावलं होतं, "माझी गाडी तिच्या दाराशी जाता कामा नये."

घरी येऊन त्याने किल्ली टेबलावर टाकली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बाबा, कुठे नेता गाडी?"

बाबांनी किल्ली उचलून त्याच्याकडे सरकवली.



"ताईला डायलिसिसला. किलोमीटर लपवता आले रे, पेट्रोल कुठे लपवू?"