थांबवायची मुभा

प्रयोगाआधी मी प्रेक्षकांना एकच नियम सांगायचो. नाटकातला नवरा बायकोला मारत असताना तुमच्यापैकी कोणीही उठून 'थांबवा' म्हणा, नाटक तिथंच संपेल.

अमरावतीतल्या आमच्या साठ खुर्च्यांच्या थिएटरात अकरा प्रयोग झाले. कोणी उठलं नाही. बायको झालेली रागिणी दर प्रयोगाला वीस मिनिटं मार खायची आणि शेवटी लोक टाळ्या वाजवायचे.

हंगामाच्या शेवटच्या प्रयोगात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "थांबवा!"

नवरा झालेल्या मनोजचा उगारलेला हात तसाच राहिला. खाली पडलेली रागिणी खरोखरच रडायला लागली. मी विंगेतून धावत आलो.

उठले होते आमच्या संस्थेचे अध्यक्ष, भगवंतराव.

"पाहुणे आले ना भाऊ अकोल्याहून! त्याईले घाई आहे. सत्कार उरकून घेऊ."

शाल झाली, नारळ झाला. पाहुणे स्त्रियांच्या सन्मानावर दहा मिनिटं बोलले आणि निघून गेले. रागिणी तोवर तिथंच खाली बसून होती.

भगवंतराव पुन्हा खुर्चीत टेकले. "हं मनोज, मार आता."

मनोजनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "कर सुरू."