चौथी पाणबुडी

पाच पाणबुड्या बांधायच्या ठरल्या होत्या. तिसरी होईतो खर्च दुपटीवर गेला आणि वरून हुकूम आला, उरलेल्या दोन रद्द. चौथीचं पोलादी कवच अर्धंअधिक उभं होतं. त्यातच वेल्डिंग करताना गॅसने गुदमरून माझा दादा गेला होता. आता ते कापून भंगारात काढायचं होतं. फोरमन म्हणाला, "दुसऱ्या कुणाला देतो हे काम." मी म्हटलं, "नको. दादाचे जोड आहेत, मीच कापतो." प्रत्येक जोडाशेजारी त्याचा नंबर ठोकलेला होता. अकरा दिवस लागले. शेवटचा तुकडा ट्रकवर चढला, तसा मी वहिनीकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कपड्यांच्या घड्या घालणारे तिचे हात थांबले नाहीत. "भावजी, एवढं करा," ती म्हणाली, "पोरीला कळू देऊ नका. तिला सांगितलंय, बाबांची पाणबुडी खोल समुद्रात आहे, म्हणून दिसत नाही."