गणपूर्ती

एंटर दाबून वाचनालयाचे चिटणीस त्र्यंबकराव संगणकाच्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले. सगळ्या सभासदांच्या फोनवर सभेचा निरोप धाडणारी छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, पुतणीने लिहून दिली होती. गणपूर्तीअभावी यंदाही सभा बारगळली, तर वाचनालयाची मान्यताच जाणार होती. पण पडदा हूं की चूं करीना. नुसता कर्सर लुकलुकत होता.

ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी तीच कमांड पुन्हा दिली. मग जरा जोरात एंटर दाबून दिली. दुपारपर्यंत देतच राहिले. शेवटी पुतणीला फोन लावला.

"अगं मृण्मयी, हा काही बोलतच नाही."

"काका, काम नीट झालं की टर्मिनल, म्हणजे तो काळा पडदा, गप्प बसतो. चुकलं तरच बोलतो."

त्र्यंबकराव चक्रावले. काम करून गप्प बसणारा माणूस त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निरोपांनी भरलेले फोन नाचवत सभासद भांडायला आले होते. गणपूर्ती झाली आणि पहिलाच ठराव मांडला गेला: चिटणिसांनी यापुढे संगणकाला हात लावू नये.

हे कौतुक की हकालपट्टी, त्र्यंबकरावांना कळेना. सभा भरल्याच्या आनंदात ठरावाच्या बाजूने पहिला हात त्यांनीच वर केला.